टेस्ला बुक केली २०१६ला, गाडी कुठंय?

आमच्या नळदुर्गातून सोलापूर-हैदराबाद हायवे जातो, भारी गाड्या रोज दिसतात. टेस्ला मात्र फोनवरच! २०१६ला भारतातूनही काहींनी १,००० डॉलर भरून मॉडेल ३ बुक केली. जुलै २०२५मध्ये मुंबईत बीकेसीला शोरूम उघडलं, पण विकायला होती मॉडेल वाय. नवी रोडस्टर ही स्पोर्ट्स कार तर २०१७ला दाखवली, वायदा २०२०चा. बुकिंग तब्बल ५०,००० डॉलर, आणि २०२५ संपलं तरी गिऱ्हाइकाच्या दारात एकही नाही.

मला खटकतं ते हे: ‘रिझर्व्ह’ दाबणं म्हणजे खरेदी नव्हे, नुसता रांगेतला नंबर. तोवर आपले पैसे कंपनी बिनव्याजी वापरते. ई-स्कूटर प्री-बुक करताय? रिफंडच्या अटीचा स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा.