'धीर धर' म्हणजे आधार नव्हे

डोलवी परिसरातल्या एका ताईंची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा आम्ही त्यांच्यासोबत दवाखान्यात होतो. डॉक्टर बोलले ते सगळे नवऱ्याशी. ताई बाजूच्या स्टुलावर. स्तन पूर्ण काढायचा की फक्त गाठ, हे ज्या बाईचा देह तिला कुणी विचारलेच नाही. बाहेर आल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "पोरीच्या सासरी कळू देऊ नका."

मग घरी माणसांची रीघ लागली. धीर धर, सगळे ठीक होईल. एकीने तर मागच्या जन्मीचे भोग काढले, तेही भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असलेल्या घरात! पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारला आहे. आजारी बाईलाच दोषी ठरवणारा हा कसला दिलासा?

आमच्या मते आधार म्हणजे आधी माहिती आणि मग सोबत. फक्त गाठ काढली तर पुढे बहुधा रेडिएशन घ्यावे लागते, म्हणजे काही आठवडे खारघर नाहीतर परळच्या फेऱ्या. उपचाराचा खर्च महात्मा फुले योजनेत बसेलही, पण बुडालेली मजुरी कोण देणार? घरची चूल कोण पेटवणार? अशा वेळी बाई "काढूनच टाका" म्हणते, आणि आपण म्हणतो की तिने निर्णय घेतला.

पुढचे तर कुणी बोलतच नाही. काखेतल्या गाठी काढल्यावर हात सुजू शकतो, व्यायाम करावा लागतो, ओझे सांभाळून उचलावे लागते. भातलावणीला जाणारी किंवा पेण-हमरापूरच्या गणपती कारखान्यात राबणारी बाई मनात हेच घोकत असते, की आता मी कामाची राहिले का? नवऱ्यासमोर कपडे बदलण्याचा संकोच तर ती सख्ख्या बहिणीलाही सांगत नाही.

विनयपिटकात एका आजारी भिक्खूची गोष्ट आहे. तो स्वतःच्याच घाणीत पडला होता. तथागतांनी आणि आनंदाने त्याला धुतले, उचलून नीट निजवले. इतर भिक्खूंनी त्याची शुश्रूषा का केली नव्हती? कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता! तथागतांनी त्यांना सुनावले, की तुम्हीच एकमेकांकडे पाहिले नाही तर कोण पाहणार?

हे काम सरकारी यंत्रणेतूनही होऊ शकते. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. त्यात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने स्तनतपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष आले, तेव्हा पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या रोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झालेले दिसले. सेविका गाठ ओळखू शकते तर शस्त्रक्रियेआधी बाईशी बोलूही शकते. आशाताईंना तसे प्रशिक्षण द्या, आणि सोबत जाण्याच्या दिवसाचा मोबदलाही. त्यांच्याकडून फुकट माया मागू नका. डोलवीत पोलादाचा एवढा मोठा कारखाना आहे; सामाजिक निधीतून रुग्णांसाठी एक गाडी मागायला ग्रामसभेत ठराव करायला काय हरकत आहे? आणि आपल्या विहारातल्या महिला मंडळांनी, या शस्त्रक्रियेतून गेलेली बाई शोधून तिची नव्या रुग्णाशी गाठ घालून द्यावी. तिच्यासमोर विचारता येते ते डॉक्टरांना विचारता येत नाही.

ताईंची पुढची तारीख मंगळवारी आहे. नवऱ्याची पहिली पाळी आहे. आमच्यातल्या दोघीजणी जाणार आहेत. विचारायचे प्रश्न ताईंनी नातीच्या वहीत लिहून घेतलेत, अकरा झालेत.