सनद कुठे आहे?

गरुडाची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. चाळिशी आली की गरुडाची चोच वाकते, नख्या बोथट होतात, पंख जड होतात. मग तो उंच डोंगरावर जातो, खडकावर आपटून चोच मोडून घेतो, नवी येईपर्यंत थांबतो. नव्या चोचीने जुन्या नख्या उपटतो, नव्या नख्यांनी जुनी पिसे उपटतो. १५० दिवसांनी त्याचा पुनर्जन्म होतो आणि पुढे आणखी ३० वर्षे भरारी. दहावीची परीक्षा तोंडावर आली की शाळाशाळांतून प्रेरणादायी व्याख्याने होतात आणि त्यांत हा गरुड येऊन जातोच. मराठी शाळेत तो गरुड असतो, उर्दू शाळेत त्याचा शाहीन होतो आणि त्याच्या मागोमाग बिचाऱ्या इक्बालला ओढून आणतात.

चोच मोडलेला गरुड १५० दिवस खाणार काय, हे कुणी विचारत नाही. पक्ष्याच्या चोचीवरचे आवरण आपल्या नखांसारख्याच द्रव्याचे असते. ते जन्मभर वाढत राहते आणि वापराने झिजत राहते. चोच मुळापासून मोडली तर पक्षी उपाशी मरेल. शिवाय रानातला गरुड चाळिशी गाठतो तोच मुळात क्वचित. विज्ञान शिकवणारे शिक्षक समोरच्या रांगेत बसलेले असतात. त्यांना हे कळत नसेल असे नाही. पण टाळ्या वाजत असतात, आणि टाळ्यांच्या आवाजात प्रश्न विचारणे असभ्य वाटते.

मला मात्र अशा वेळी एकच शब्द आठवतो: सनद.

हा शब्द मराठीला परका नाही. वतन सांगणाऱ्याने सनद दाखवायची असते. वकिलाला आजही सनद घ्यावी लागते. आमच्या उर्दूत सनद म्हणजे प्रमाणपत्र. मूळ अरबीत या शब्दाचा अर्थ आधार, टेकू. हदीसच्या शास्त्रात सनद म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी: हे मला अमक्याने सांगितले, त्याला तमक्याने, त्याला त्याच्या उस्तादाने, असे करत थेट पैगंबरसाहेबांपर्यंत. साखळीतला प्रत्येक माणूस तपासायचा. तो खरे बोलणारा होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती, ज्याच्याकडून ऐकले म्हणतो त्याला तो कधी भेटला तरी होता का? एक कडी निखळली तर रिवायत जईफ, म्हणजे कमकुवत. इमाम मुस्लिम यांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत या शिस्तीचे कारण अब्दुल्लाह बिन मुबारक यांच्या हवाल्याने नोंदवले आहे. त्याचा मथितार्थ असा की सनद नसती तर ज्याच्या मनात जे आले ते तो धर्म म्हणून सांगत सुटला असता.

हजार-बाराशे वर्षे ही शिस्त ज्या समाजाने सांभाळली, तो समाज कोट-टाय घालून आलेल्या माणसाला सनद विचारत नाही, याचे मला नवल वाटते. उजव्या हाताने पाणी पिण्याच्या हदीसवर मोहल्ल्यात तासभर खल होतो. आणि तुमच्या पोराचे नशीब त्याच्या विचारांच्या लहरींवर ठरते, असे कुणी माइकवर सांगितले की आपण मान डोलावतो.

तर या माणसांची सनद तपासू. येल विद्यापीठाची गोष्ट घ्या. १९५३ च्या तुकडीतल्या फक्त ३ टक्के विद्यार्थ्यांनी आपली ध्येये कागदावर लिहून ठेवली होती आणि २० वर्षांनी त्या ३ टक्क्यांची संपत्ती उरलेल्या ९७ टक्क्यांपेक्षा जास्त निघाली, असे सांगतात. ही गोष्ट मी मराठीत ऐकली आहे, उर्दूत ऐकली आहे, हिंदीतून तर कितीदा. १९९६ मध्ये ‘फास्ट कंपनी’ या अमेरिकी मासिकाने तिचा माग काढला. टोनी रॉबिन्सच्या लोकांनी ब्रायन ट्रेसीकडे बोट दाखवले. ट्रेसी म्हणाला, मी झिग झिग्लरकडून ऐकले. झिग्लरच्या कार्यालयातून सांगण्यात आले की टोनी रॉबिन्सला विचारा. येल विद्यापीठाने कळवले की असा अभ्यास आमच्याकडे झालाच नाही. मुहद्दिसांनी तुटलेल्या साखळ्यांना वेगवेगळी नावे दिली आहेत, पण गोल फिरून स्वतःच्याच शेपटीला चिकटणारी सनद त्यांच्याही पाहण्यात आली नसावी.

आम्हा शिक्षकांनी फार हसण्यात अर्थ नाही. बीएडच्या नोट्समधला तो शंकू आठवतो का? वाचलेले १० टक्के लक्षात राहते, ऐकलेले २० टक्के, पाहिलेले ३० टक्के, आणि स्वतः केलेले ९० टक्के. खाली नाव एडगर डेल. डेल यांनी १९४६ मध्ये दृक्श्राव्य साधनांवर पुस्तक लिहिले आणि त्यात अनुभवाचा शंकू काढला, हे खरे. पण त्या शंकूत एकही टक्का नव्हता. आकडे नंतर कुणीतरी चिकटवले. माणसाची स्मृती इतक्या गोल आकड्यांत कधी मोजली जाते का? तरी आपण ते पाठ करून परीक्षेत लिहितो, त्यावर गुण मिळवतो, आणि पुढे कार्यशाळेत तोच तक्ता भिंतीवर लावतो.

२१ दिवसांत सवय लागते, हेही तसेच. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने १९६० च्या आपल्या पुस्तकात लिहिले की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला निदान २१ दिवस लागतात. त्यातला ‘निदान’ गळाला, चेहरा गळाला, आणि राहिला तो पहाटे पाचला उठण्याचा मंत्र. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर खरोखरीच पाहणी केली. एखादी कृती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असे त्यांना आढळले, तेही माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत.

पण ही सगळी किरकोळ उधारी झाली. मूळ भांडवल आहे ते ‘आकर्षणाच्या नियमा’चे. जसा विचार कराल तसे तुमच्याकडे खेचले जाईल. गाडीचे चित्र भिंतीवर लावा, गाडी येईल. हे कधी क्वांटम विज्ञान म्हणून सांगतात, कधी ऋषिमुनींचे ज्ञान म्हणून, कधी सूफींचे रहस्य म्हणून. त्याचा खरा पत्ता मात्र एकोणिसाव्या शतकातली अमेरिका आहे. मेन राज्यात फिनियास क्विम्बी (१८०२–१८६६) नावाचा घड्याळे बनवणारा कारागीर होता. तो आधी संमोहनाचे प्रयोग करायचा. नंतर त्याने ठरवले की आजार हा चुकीच्या समजुतीचा परिणाम आहे, समजूत बदलली की माणूस बरा होतो. त्यातून ‘न्यू थॉट’ नावाची चळवळ उभी राहिली. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत रोग मागे पडला आणि पैसा पुढे आला. वॉलेस वॅटल्सने १९१० मध्ये श्रीमंत होण्याच्या ‘शास्त्रा’वर पुस्तक लिहिले. १९३७ मध्ये नेपोलियन हिलचे ‘थिंक अँड ग्रो रिच’ आले, जे आज आपल्या एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरही मिळते. उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी मला बोलावून यशाचे सूत्र शोधायचे काम दिले, असा हिलचा दावा होता. कार्नेगींचे चरित्रकार डेव्हिड नॅसॉ यांना या भेटीचा कसलाही पुरावा सापडला नाही. पुढे ऑस्ट्रेलियाच्या रोन्डा बर्नच्या हातात वॅटल्सचे पुस्तक पडले आणि २००६ मध्ये ‘द सीक्रेट’ आले.

या साखळीतला माझा आवडता माणूस मात्र विल्यम वॉकर अ‍ॅटकिन्सन. हा पेशाने वकील, राहायला शिकागोत. १९०६ मध्ये विचारांच्या कंपनांवर आणि आकर्षणाच्या नियमावर याचे पुस्तक निघाले. त्याच सुमाराला शिकागोतूनच ‘योगी रामचारक’ या नावाने श्वासाची, हठयोगाची, राजयोगाची पुस्तके निघत होती. हे योगी रामचारक म्हणजे स्वतः अ‍ॅटकिन्सनच! शंभर वर्षांनी आपल्याकडचा व्याख्याता तोच माल ‘आपल्या पूर्वजांचे ज्ञान, जे पाश्चात्त्यांना आता कळू लागले’ म्हणून विकतो. मराठीतल्या माझ्या मित्रमैत्रिणींनी यावर रागवायला हवे. ज्या मातीत तुकोबांनी दुष्काळ आणि दिवाळे सोसून अभंग लिहिले, तिथे शिकागोचा वकील ऋषी म्हणून खपतो.

आमच्याकडे तर त्याला दाढी-टोपी चढवली आहे. माझा बंदा माझ्याविषयी जसा गुमान बाळगेल तसा मी त्याच्याशी असेन, या आशयाची हदीस-ए-कुदसी बुखारी-मुस्लिममध्ये आहे. तिची सनद भक्कम आहे. पण ती अल्लाहच्या दयेविषयी, क्षमेविषयी आशा सोडू नये म्हणून सांगितलेली. तिच्यावरून फ्लॅट आणि फॉर्च्युनर ‘मॅनिफेस्ट’ करायला शिकवणे म्हणजे दुआला ऑर्डर फॉर्म करणे. दुसरी आवडती आयत सूरह रअदमधली, अकरावी. लोक स्वतःमध्ये बदल करत नाहीत तोवर अल्लाह त्यांची स्थिती बदलत नाही, असा तिचा आशय. व्याख्याते ती एकेकट्या पोराला उद्देशून म्हणतात. आयतीत शब्द ‘कौम’ आहे. जबाबदारी साऱ्या समाजावर आहे: त्याच्या न्यायावर, त्याच्या शिस्तीवर, दुर्बलांशी त्याच्या वागण्यावर. ती आपण बेमालूमपणे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर ठेवली.

आणि इक्बालचा शाहीन! ‘बाल-ए-जिब्रील’ (१९३५) मधली ‘शाहीन’ ही कविता एकदा उघडून बघा. तो पक्षी दाणापाण्याच्या जगाकडे पाठ फिरवून निघालेला आहे. घरटे बांधत नाही आणि त्याचाच त्याला अभिमान आहे. इक्बालला त्याच्यातले फक्र, निरिच्छपण, भावले. ज्याला घरटेही नको त्या पक्ष्याला बंगल्याच्या हप्त्यांचा जाहिरातदार करणे हे कवीवर केलेले उघड खोटे आहे. मुलांच्या वह्यांवर ‘इक्बाल’ म्हणून लिहिलेला उलट्या वाऱ्याचा आणि उकाबाचा तो शेर तर इक्बालचा नाहीच, तो सय्यद सादिक हुसैन यांचा.

यात बिघडले काय, चार शब्द उमेदीचे ऐकून मुले खूश होतात, असे माझे सहकारी म्हणतात. उमेद हवीच. ती आई देते, चांगला शिक्षक देतो, मोठा भाऊ देतो, आणि त्यासाठी कुणी खोटे आकडे सांगत नाही. बिघडते ते पुढे. जो नियम सांगतो की यश विचारांनी आले, त्याला अपयशही विचारांनीच आले असे म्हणावे लागते. ‘द सीक्रेट’ तर मोठ्या दुर्घटनांत एकदम मेलेल्या माणसांनाही हाच नियम लावते. त्यांचे विचारच तसे होते म्हणे. या पुस्तकाच्या चित्रपटात झळकलेल्या जेम्स आर्थर रे याने २००९ मध्ये अ‍ॅरिझोनात शिबिरार्थींना कोंडट, तापलेल्या तंबूत बसवले. तिघे मेले. २०११ मध्ये न्यायालयाने त्याला निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याबद्दल दोषी ठरवले.

आपल्याकडे तंबू नाहीत. आपल्याकडे यंत्रमागाच्या खडखडाटात झोपणारी, पहाटे नळावर नंबर लावणारी, गणिताला वर्षभर शिक्षक नसलेली मुले आहेत. निकालानंतर अशी एक मुलगी मला म्हणाली, “मिस, मेरी सोच ही निगेटिव्ह थी.” तिने कागदावर टक्के लिहून आरशाला चिकटवले होते, रोज पाहिले होते. गणिताचा शिक्षक नव्हता हे तिला कारण वाटलेच नाही.

योगायोग बघा. ‘द सीक्रेट’ आले त्याच २००६ मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला. ६ ते १४ वयोगटातली २५ टक्के मुस्लिम मुले एकतर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा शाळा सोडून गेली, असे त्यात आहे. कारणे आहेत, शिफारशी आहेत, तक्ते आहेत, आणि प्रत्येक तक्त्याखाली आकडा कुठून घेतला ते लिहिलेले आहे. सनद म्हणतात ती ही. महाराष्ट्रात पुढे महमूदुर रहमान समितीने याच प्रश्नावर काम केले. या दोन अहवालांवर एकाही शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात व्याख्यान झालेले मी ऐकलेले नाही. संस्थाचालकांना ते परवडणारेही नाही. अहवाल वाचला की मुले आणि पालक विचारू लागतील: शिक्षकाची जागा का भरली नाही? शिष्यवृत्तीचे अर्ज वेळेत का गेले नाहीत? मुलींसाठी शौचालय कुठे आहे? गरुडाची गोष्ट ऐकलेले मूल असले काही विचारत नाही, ते घरी जाऊन आरशासमोर उभे राहते.

यंदाही व्याख्याता बोलवायचे घाटत होते. त्याच्या मानधनात परीक्षेपर्यंत गणिताच्या जादा तासांना माणूस मिळतो, असा हिशेब मी स्टाफ मीटिंगमध्ये कागदावर मांडला. कागद एका हातातून दुसऱ्या हातात फिरला. एक ज्येष्ठ सहकारी हसून म्हणाले, “आपा, आप हर बात में निगेटिव्ह क्यों सोचती हैं?” निर्णय पुढच्या बैठकीवर गेला आहे. कागदाच्या मी चार झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत.