मोजणीत न येणारे

रमजानमध्ये सहरीची वेळ पाहायला अम्मी मोबाईल उघडायची, तर वेळापत्रकाच्या आधी रमीची जाहिरात. "हे बंद कर रे," एवढंच ती म्हणाली. अँड्रॉइडवरचा क्रोम जाहिराती अडवणारी जोडणी घेतच नाही. म्हणून फायरफॉक्स टाकला, त्यात यूब्लॉक ओरिजिन बसवलं. महिन्याभरात खाला, दोन मामेबहिणी आणि शेजारच्या काकूंच्या फोनवरही तेच झालं. नगरसारख्या गावात ब्राउझर असाच बदलतो. घरातला एक जण बदलतो, बाकीचे त्याच्या हातात फोन देतात.

आपल्याकडे हे नवं नाही. यूसी ब्राउझर आठवतो? स्वस्त फोन, तुटपुंजा डेटा, आणि जाहिराती अडवायची सोय आतच. जून २०२० मध्ये सरकारने बंदी घातली तेव्हा कितीतरी घरांत पुन्हा क्रोम आला. त्या क्रोमचा मालक गूगल, आणि गूगलची मोठी कमाई जाहिरातींची. २०२५ मध्ये संगणकावरच्या क्रोमनेही मूळ यूब्लॉक ओरिजिन बंद केलं. कारण सुरक्षिततेचं सांगितलं. असेलही, पण घरमालकच चौकीदार ठरवणार असेल तर भाडेकरूने शंका घ्यायची की नाही?

मग लोक क्रोम सोडून गेले का? आकडे पाहिले तर फारसे नाही. पण हे आकडे येतात कुठून? स्टॅटकाउंटरसारख्या संस्था लाखो संकेतस्थळांवर मोजणीचा छोटा कोड ठेवतात. यूब्लॉक जाहिरातींबरोबर असा कोडही अडवतं. म्हणजे जो जाहिरातींना कंटाळून ब्राउझर बदलतो, नेमका तोच खानेसुमारीतून गळतो. किती गळतात, हे त्या आकड्यांवरून कळायचा मार्गच नाही.

जाहिरातींवर पोट असणाऱ्या छोट्या प्रकाशकांचं नुकसान होतं, हे मला मान्य आहे. पण इबादतीच्या वेळेवर जुगार दाखवणाऱ्याची बाजू मी घेणार नाही.

खरं नुकसान पुढे होतं. संकेतस्थळ बनवणारे हेच आकडे बघून ठरवतात, कोणत्या ब्राउझरवर तपासायचं. परवा भाचीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना फायरफॉक्सवर फोटोच चढेना. शेवटी क्रोम उघडला, पाच मिनिटांत काम झालं. आता अम्मीच्या फोनवर दोन्ही आहेत. कुराण, बातम्या, पाककृती फायरफॉक्सवर. अर्ज तेवढे क्रोमवर. दिवसभरात तिची नोंद कुठे झालीच, तर त्या अर्जापुरती, क्रोमच्या खात्यात.