खटल्यालाही मुदत हवी

१२ जानेवारी १९८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी निकाल दिला आणि त्याच दिवशी मुख्यमंत्री बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांनी राजीनामा दिला. तो अमलात आला २० तारखेला. मधल्याच दिवसांत, १८ जानेवारीला, परळ-लालबागच्या गिरण्या बंद पडल्या आणि सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर बाहेर पडले. गिरणगावाच्या इतिहासातला सर्वांत कठीण काळ सुरू झाला तेव्हा राज्याचा मुख्यमंत्री जाण्याच्या वाटेवर होता. गिरणगावाला तो जानेवारी संपामुळे आठवतो, आणि ते स्वाभाविकच आहे. पण त्या निकालाची आठवणही आज ठेवायला हवी.

अंतुले झपाट्याने काम करणारे मुख्यमंत्री होते, हे त्यांच्या विरोधकांनीही मान्य केले. संजय गांधी निराधार योजना त्यांची. कुलाब्याचे रायगड त्यांनी केले आणि १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला. गिरगाव-लालबागच्या चाळींत राहून गावी मनीऑर्डर पाठवणाऱ्या चाकरमान्यांच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट होती. आंबेतसारख्या कोकणातल्या लहान गावातून आलेला माणूस हे करत होता.

आणि त्याच माणसाच्या कारभारात सिमेंटचे प्रकरण घडले. तेव्हा सिमेंट सरकारी नियंत्रणाखाली होते. कोटा मिळाला तर इमारत उभी राही, नाहीतर काळ्या बाजाराची वाट धरावी लागे. बिल्डरांना मिळालेला कोटा आणि इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला दिलेल्या देणग्या यांचा संबंध होता, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. ऑगस्ट १९८१ च्या अखेरीस अरुण शौरी यांचा लेख इंडियन एक्स्प्रेसमध्ये आला, समाजवादी नेते प. बा. सामंत न्यायालयात गेले आणि साडेचार महिन्यांत मुख्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली. पत्रकार, याचिकाकर्ता आणि न्यायाधीश या तिघांनीही आपापले काम वेळेत केले, म्हणूनच हे घडले.

फौजदारी खटल्याची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. भाजपचे रामदास नायक यांनी तक्रार केली, आणि पुढची वर्षे आरोप खरे की खोटे हे ठरवण्याऐवजी खटला कोणी, कुठे आणि कोणाच्या परवानगीने चालवायचा, यातच गेली. फेब्रुवारी १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितले की, भ्रष्टाचाराची तक्रार सामान्य नागरिकही करू शकतो आणि पदावरून गेलेल्या मुख्यमंत्र्यावरील खटल्याला मंजुरी लागत नाही. त्यांनी खटला उच्च न्यायालयाकडे सोपवला. एप्रिल १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेशच चुकीचा ठरवला. डिसेंबर १९९१ मध्ये त्याच न्यायालयाने अंतुल्यांच्याच प्रकरणात सांगितले की, जलद न्याय हा आरोपीचा मूलभूत हक्क आहे. मुदत मात्र घालून दिली नाही.

आमच्या मते खरा घोटाळा इथेच आहे. दोषी असेल त्याला शिक्षा आणि निर्दोष असेल त्याला मोकळीक, दोन्ही वेळेत मिळायला हवे. वर्षानुवर्षे लोंबकळणारा खटला नेत्याच्या माथी संशय ठेवतो आणि मतदाराला उत्तरही देत नाही. अंतुले पुढे १९९५ मध्ये केंद्रात आरोग्यमंत्री झाले, २००६ मध्ये अल्पसंख्याक खात्याचे मंत्री झाले. त्यांना मत देणाऱ्यांना आणि न देणाऱ्यांनाही, १९८२ नंतर लवकरात लवकर पक्का निकाल मिळण्याचा हक्क होता.

नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासदार-आमदारांवरील खटल्यांवर देखरेख ठेवण्याची जबाबदारी उच्च न्यायालयांवर टाकली आणि जिल्हावार प्रलंबित खटल्यांची माहिती संकेतस्थळावर देण्यास सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाने ही माहिती मराठीतही द्यावी आणि प्रत्येक तारीख का पुढे गेली तेही नोंदवावे. मत मागायला दारात आलेल्या उमेदवाराला वाचकांनी एवढेच विचारावे: तुमच्यावरचा खटला कुठवर आला आणि तो लवकर संपावा म्हणून तुम्ही काय केलेत?