एकटा अल-फर्द

मुलांच्या पुस्तकात ताऱ्यांची नावे येतात ती अल्फार्ड, ऑल्टेअर, रायजेल अशी. मुलांना ती इंग्रजी वाटतात, आणि खरे सांगायचे तर मोठ्यांनाही. यातला अल्फार्ड म्हणजे अरबीतला ‘अल-फर्द’, एकटा. घरातल्या उर्दूत आपण ‘घर का एक फर्द’ म्हणतो, तोच हा शब्द.

हे नाव का पडले ते वर पाहिले की कळते. एप्रिलच्या सुरुवातीला, इशाची नमाज आटोपून नऊच्या सुमारास गच्चीवर जा. मघा जवळजवळ डोक्यावर असते. तिच्यापासून दक्षिणेकडे, किंचित पश्चिमेला या. हात लांब करून बोटे ताणली तर वीतभर, थोडे अधिकच. तिथे वासुकी तारकासमूहात नारिंगी झाक असलेला एकच ठळक तारा दिसेल. आजूबाजूला त्याच्या तोडीचे कोणी नाही. शहरातल्या उजेडात तर तिथे दुसरे काहीच दिसत नाही.

दहाव्या शतकात इस्फहानला अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी ताऱ्यांवर ग्रंथ लिहिला, साधारण ९६४ साली. पाया ग्रीक टॉलेमीचा होता, तो त्यांनी लपवला नाही. पण तेजस्विता स्वतःच्या डोळ्यांनी पुन्हा तपासली, आणि ग्रीक आकृत्यांशेजारी अरबांमध्ये चालत आलेली जुनी नावेही नोंदवली. अशी नावे पुढे युरोपात गेली, तिथल्या जिभेवर थोडी वाकली. २०१६ साली आंतरराष्ट्रीय खगोल संघाने ‘अल्फार्ड’ हे अधिकृत नाव ठरवले. ‘हे सगळे आमचेच’ असे मिरवण्यात आम्हाला रस नाही. दुसऱ्याचे काम मान्य करून ते तपासायचे आणि पुढे न्यायचे, अल-सूफींची ही रीत मात्र मुलांना सांगावीशी वाटते.

आता ताऱ्याविषयी. तो आपल्या सूर्याच्या सुमारे पन्नासपट रुंद आहे. सूर्याच्या जागी ठेवला तर बुधाच्या निम्म्या वाटेपलीकडे पोहोचेल. गाभ्यातला हायड्रोजन संपल्याने तो फुगला, पृष्ठभाग निवला, म्हणून हा नारिंगी रंग. गंमत म्हणजे वयाने तो सूर्यापेक्षा बराच लहान आहे. वजन सुमारे तिप्पट, त्यामुळे इंधन भराभर जळाले आणि म्हातारपण लवकर आले.

आज दिसणारा त्याचा प्रकाश जवळपास १८० वर्षांपूर्वी निघालेला आहे. तेव्हा बोरीबंदर ते ठाणे आगगाडीही सुरू झाली नव्हती. ती १८५३ ची.

आणि त्याचे एकटेपण? साधी दुर्बीण लावा, त्याच्या भोवती बारीक तारे दिसू लागतात. मेअखेरीस तो इशाच्या वेळी पश्चिमेकडे कललेला असतो, आणि मग पावसाळी ढग येतात. पाहायचा तर त्याआधीच.