गॅरेजमधला घंटानाद

आमच्या बरकतपुऱ्यातल्या फ्लॅटमध्ये घंटा वाजवायची ती देवघरातली, तीही शेजाऱ्यांच्या कलाने. इंग्लंडमधल्या काही छांदिष्टांनी मात्र गॅरेजमध्ये नाहीतर बागेतल्या शेडमध्ये अख्खा घंटासंचच टांगला आहे. चर्चच्या मनोऱ्यातल्या घंटा शेकडो किलोंच्या, या काही किलोंच्या, रचना तीच. घंटा चाकाला जोडलेली, दोर ओढला की पूर्ण गोल फिरणारी. इथे गाण्याची चाल नसते, घंटा वाजण्याच्या क्रमांचा खेळ असतो. दर फेरीत घंटेने फार तर एक जागा सरकायचे आणि झालेला क्रम पुन्हा येऊ द्यायचा नाही. पाच घंटांचे क्रम होतात १२०, आठांचे ४०,३२०! तेवढे सगळे १९६३ साली लफबरोच्या घंटा-ओतशाळेत आठ जणांनी सलग वाजवले. जवळजवळ अठरा तास लागले. (जेवणाचे काय केले असेल?) त्याच लफबरोच्या टेलर कंपनीने ओतलेल्या आठ घंटा १८९३ मध्ये पुण्यात पंचहौदच्या पवित्र नाम देवालयाच्या मनोऱ्यात चढल्या. पुणेकरांना पंचहौद आठवतो तो मात्र टिळक-रानड्यांनी १८९० मध्ये तिथे मिशनऱ्यांकडे घेतलेल्या चहामुळे आणि त्यावरून माजलेल्या ग्रामण्यामुळे, म्हणजे वाळीत टाकण्याच्या वादामुळे.