पऱ्यांचा गोड डेक

टॅरोचा पहिला डेक कुठला घेऊ, असं मला बऱ्याच जणी विचारतात. विचारतात म्हणजे काय, ठरवूनच आलेल्या असतात. पऱ्यांचाच हवा! फिकट गुलाबी-जांभळे रंग, फुलपाखराचे पंख, आणि प्रत्येक पानावर कुणीतरी मंद हसतंय. मी पत्ते मांडते ते हौसेखातर. मला भविष्य कळतं असा माझा दावा नाही. समोर चित्र असलं की माणूस मनातलं बोलू लागतो, पत्त्यांचा उपयोग मी एवढाच मानते. आणि म्हणूनच त्या गोड डेकवर माझा राग आहे.

टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत जन्मला तो साधा खेळायचा पत्त्यांचा संच म्हणून. भविष्य बघायचं खूळ त्यात शिरलं ते जवळजवळ तीनशे वर्षांनी, फ्रान्समध्ये. आज दुकानात दिसणारे बहुतेक डेक ज्याची नक्कल करतात तो रायडर-वेट डेक १९०९ सालचा, लंडनचा. चित्रं पामेला कोलमन स्मिथ ह्या बाईंची. पानं ७८. त्यातलं तेरावं मृत्यूचं, पांढऱ्या घोड्यावर चिलखत घातलेला सापळा. पंधरावं सैतानाचं. सोळाव्यावर वीज पडून कोसळणारा मनोरा. तलवारींच्या दश्शीवर एक माणूस पालथा पडलाय आणि त्याच्या पाठीत दहाही तलवारी रुतल्यात. बघून पोटात गोळा येतो. यायलाच हवा.

आता गोड दुकान बघा. डोरीन व्हर्च्यू आणि रॅडली व्हॅलेंटाइन ह्या जोडीने २०१२ साली देवदूतांचा टॅरो काढला. त्यात मृत्यूचं नाव 'रिलीज', सैतानाचं 'इगो' आणि कोसळत्या मनोऱ्याचं चक्क 'लाइफ एक्स्पीरियन्स'! २०१५ साली ह्याच जोडीचा पऱ्यांचाही टॅरो आला. (डोरीनबाईंनी पुढे २०१७ साली ख्रिस्ती धर्माकडे वळून हा सगळा व्यवसायच सोडला, तो भाग वेगळा.)

मी शीव कोळीवाड्यात राहते. नाव बदलण्याचं आम्हाला काही नवल नाही. आमच्या स्टेशनचं नाव गुरु तेग बहादूर नगर झालं तरी जुनी माणसं अजून कोळीवाडाच म्हणतात. फाळणीनंतर इथे आलेल्या पंजाब्यांनी बेसनात तळलेली कोळंबी 'कोळीवाडा' नावाने देशभरच्या हॉटेलांत गेली, तीही कोळणींना न विचारता. पण त्या ताटलीत निदान कोळंबी तरी असते.

ह्या गोड पत्त्यांनी काय होतं ते मी आमच्याच गल्लीत पाहिलंय. एका वहिनींचे यजमान अतिदक्षता विभागात होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, जवळच्यांना बोलावून घ्या. वहिनी रोज रात्री फोनवरून एका बाईंकडे पत्ते काढून घ्यायच्या, पैसे देऊन. पऱ्यांचा डेक. रोज नवं पान, नवा दिलासा. मोकळं होणं, नवी पहाट, श्रद्धा ठेवा. बंगळूरच्या मुलाला 'येण्याची घाई नको, बाबा बरे होतायत' असं त्यांनी तीनदा कळवलं. तो आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. तो आईशी अजून धड बोलत नाही. पत्ते काढणाऱ्या बाईंचं म्हणणं असं की 'रिलीज' तर आलंच होतं की!

हे ऐकून मी गप्प बसायचं?

ह्यावर नेहमीचं उत्तर असतं की दुःखी माणूस येतो, त्याला आणखी कशाला घाबरवायचं? अहो, माझं माहेर मालवणकडचं. आमच्याकडे देवाला कौल लावतात. पाकळी उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. त्यात देवाचं उत्तर असतं की नाही हा वाद सोडा. पण देवाला नाही म्हणायची मुभा असते, आणि डावा कौल घेऊनही माणसं घरी जातात, पेज जेवतात, पुढचं बघतात. ज्या पत्त्यांना नाही म्हणता येत नाही त्यांना विचारायचं तरी कशाला?

शिवाय पऱ्या कधी गोड होत्या? आपल्या साती आसरा घ्या. अप्सरांवरून आलेलं हे नाव. विहिरीकाठी, तळ्याकाठी शेंदूर फासलेले सात दगड. त्या पाण्यात ओढतात, बाळंतिणीला धरतात, म्हणून त्यांना खण-नारळ, हिरव्या बांगड्या. त्यांना मावलाया, म्हणजे आयाच म्हणायचं. आयर्लंडात पऱ्यांना 'भली माणसं' म्हणत, तेही असंच, रात्री सापाला आपण लांबडं म्हणतो तसं. पण नाव गोड ठेवलं म्हणून धोका कुणी विसरलं नाही. तिन्हीसांजेला पोरांना विहिरीवर जाऊ देत नसत. त्या भीतीचे मी गोडवे गात नाही. १८९५ साली आयर्लंडातच ब्रिजेट क्लिअरी ह्या तरुण बाईला तिच्या नवऱ्याने जाळलं, ही माझी बायको नव्हे, पऱ्यांनी बदलून ठेवलेली कुणीतरी आहे म्हणत. भीती अशीही उलटते. पण पंखवाली निरुपद्रवी परी हा उपाय नव्हे. शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉयल दोन मुलींनी १९१७ पासून काढलेल्या पऱ्यांच्या फोटोंना भुलला, १९२२ मध्ये त्यावर पुस्तक लिहून बसला. मधल्या काळात, १९१८ साली, त्याचा मुलगा गेला होता. त्या पऱ्या पुठ्ठ्याच्या होत्या हे त्या मुलींनी म्हातारपणी, १९८३ मध्ये कबूल केलं.

असो. पऱ्या हव्याच असतील तर ब्रायन फ्राउडचा २००० सालचा संच शोधा. तो टॅरो नव्हे, ऑरॅकल आहे, म्हणजे ७८ पानांचा हिशेब त्याला लागू नाही. पण त्यात खोडकर, कुरूप, अंगावर येणारे जीवही आहेत. नाहीतर सरळ १९०९ चा डेक घ्या, स्वस्तही पडतो. आणि दुकानात नमुन्याचा उघडा डेक असेल तर आधी तेरावं पान काढून बघा. त्यावर नुसतंच फुलपाखरू असेल तर डेक परत ठेवा.